नऊ नंबरच्या टेबलाची टिप

गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरची चौदा तारीख, गुरुवार, दुपारच्या जेवणाची वेळ. टेबल नंबर नऊ. बिल एक हजार आठशे साठ दिरहम, व्हॅट धरून. कार्डावर लागलेली रक्कम दोन हजार तीनशे पंचवीस. मधला फरक चारशे पासष्ट दिरहम, म्हणजे तेवीसच्या भावाने दहा हजार सहाशे पंचाण्णव रुपये. हजर माणसं अशी: जेवण देणाऱ्या डॉना मॅडम, अमेरिकन, त्यांचे मुख्य पाहुणे बू राशिद, इथलेच, अबू धाबीचे, टेबल सांभाळणारा विलास परब, मूळ कुडाळकडचा, आणि काउंटरवर मी. टेबलावर दोन्हीकडच्या ऑफिसातली आणखी चार माणसं होती, पण त्यांचा या प्रकरणाशी संबंध नाही.

मी या रेस्टॉरंटमध्ये अकरा वर्षं कॅश आणि हिशेब बघते. मी इचलकरंजीची. लग्नाआधी तिथल्या एका पतसंस्थेत होते, आणि दिवसअखेरची रोकड जुळल्याशिवाय तिथे कोणी चपला घालत नसे. ती सवय अंगात घेऊनच मी इकडे आले. माझे मिस्टर रुवैसला प्लांटवर असतात, शनिवार-रविवारी घरी येतात. आम्ही खलिफा सिटीत राहतो, एका व्हिलाचे भाग पाडून केलेल्या फ्लॅटमध्ये. रेस्टॉरंट तिथून गाडीने जवळ आहे.

आमचं रेस्टॉरंट अमेरिकन. म्हणजे नाव अमेरिकन, मेनू अमेरिकन, भिंतीवर जुन्या मोटारींचे फोटो. मालक इथले, मॅनेजर फादी लेबनॉनचे, किचनमध्ये नेपाळ आणि केरळ, आणि हॉलमध्ये सगळं फिलिपिन्स, अधिक एक सिंधुदुर्ग. तो एक म्हणजे विलास. शेचाळीस वर्षांचा, हॉलमधला सगळ्यात जुना माणूस.

बाहेरच्या माणसाला वाटतं की रेस्टॉरंटमधलं अवघड काम किचनमध्ये असतं. माझ्या मते ते जेवण झाल्यावर सुरू होतं. पैसे देण्याची प्रत्येक देशाची रीत वेगळी असते, आणि प्रत्येकाला आपली रीत म्हणजे निसर्गनियम वाटते.

अमेरिकेतली जुनी रीत अशी. वेटर बिल फोल्डरमध्ये घालून आणतो. गिऱ्हाईक त्यात कार्ड ठेवतं. वेटर कार्ड घेऊन आत जातो, बँकेकडून बिलापुरती मंजुरी घेतो, पण व्यवहार बंद करत नाही. मग तो एक स्लिप आणतो. तिच्यावर टिपेसाठी एक रिकामी ओळ, एकूण रकमेसाठी दुसरी आणि सहीसाठी तिसरी. गिऱ्हाईक आकडा लिहितं, बेरीज करतं, सही करतं आणि निघून जातं. ते गेल्यावर वेटर टिपेचा आकडा मशीनमध्ये भरतो, आणि तेव्हा खरी रक्कम कार्डावर लागते. आमचा ट्रेनर हे पहिल्यांदा सांगत होता तेव्हा मला वाटलं, तो चेष्टा करतोय. माणूस दाराबाहेर गेल्यावर त्याच्या खात्यावर जादा रक्कम टाकायची आणि त्याला ते मान्य! पतसंस्थेत असं कोणी केलं असतं तर चेअरमनसकट सगळे पेपरात आले असते.

इथे तसं चालत नाही. इथे कार्ड गिऱ्हाइकाच्या नजरेआड नेत नाहीत. वेटर मशीन टेबलावर आणतो, गिऱ्हाईक पिन टाकतं, कागद बाहेर येतो, खलास. एकदा झाला तो व्यवहार झाला, मागाहून त्यात एक फिल्सही, म्हणजे दिरहमचा शंभरावा भागही, घालता येत नाही.

गंमत अशी होती की आमच्या बिलाचा नमुना अमेरिकेतून आलेला. मशीन इथलं आणि कागद तिथला. त्यामुळे बिलाच्या तळाशी टिपेची ती रिकामी ओळ कित्येक वर्षं छापून येत होती. अमेरिकन गिऱ्हाईक पिन टाकायचं, मग सवयीने पेन काढून त्या ओळीवर पन्नास नाहीतर साठ असं लिहायचं, बेरीज करायचं, झोकदार सही करायचं आणि समाधानाने निघून जायचं. वेटर तो कागद घेऊन माझ्याकडे येई.

"मिस सुनंदा, सिक्स्टी!"

"लिहिलेत," मी म्हणायची, "दिले नाहीत."

आमच्याकडे तिला कागदावरची टिप म्हणत. नवीन आलेली मुलं पहिले दोन महिने त्या कागदांवर आनंदी व्हायची, मग शिकायची. मी हेड ऑफिसला लिहिलं की ती ओळ काढा. उत्तर आलं, नमुना बदलण्याचा अधिकार आम्हाला नाही. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच उत्तर.

एक अमेरिकन आजोबा होते, विमानाच्या देखभालीतले कोणीतरी मोठे. दर आठवड्याला यायचे आणि विलासचंच टेबल मागायचे. दर वेळी त्या ओळीवर वीस टक्के लिहायचे, हिशेब कधी चुकला नाही. देश सोडून निघाले तेव्हा खास निरोप घ्यायला आले आणि विलासचा हात हातात घेऊन म्हणाले, "मी तुझी नीट काळजी घेतली ना?"

विलास म्हणाला, "येस सर, व्हेरी मच."

ते गेल्यावर मी म्हटलं, "अहो, एवढ्या दिवसांत सांगायचं तरी होतं."

"काय सांगू ताई? एवढे दिवस तुम्ही आमका एक पैसो दिलात नाय म्हणून? म्हातारो विमानात झोपलो नसतो."

त्या आजोबांचं मला अजून वाईट वाटतं, आणि विलासचंही. दोघांनी आपापल्या बाजूने चोख व्यवहार केला होता.

मग दोन वर्षांपूर्वी अमेरिकेतच रीत बदलू लागली. तिथेही म्हणे आता मशीन टेबलावर आणतात. लगेच आमच्याकडे नवीन मशीन आली, हातात मावणारी, पडद्याची. वेटरने टेबलाचा नंबर टाकला की बिल पडद्यावर येतं, आणि पैसे घेण्याआधी मशीन विचारतं, टिप किती? पंधरा, वीस, पंचवीस टक्के, अशी तीन मोठी बटणं. नको असेल तर खाली बारीक अक्षरांत तसं लिहिलेलं. बटण दाबलं की टिप बिलात मिळते, मग कार्ड किंवा फोन टेकवायचा. कागदावरची ती ओळ अखेर गेली. मी त्या दिवशी घरून शिरा करून नेला होता.

नव्या मशीनने नवे ताप आणले. आमच्या मराठी लोकांचा अकरा जणांचा एक ग्रुप आला होता. अकरा जणांनी अकरा कार्डांवर बिल वाटून घेतलं, आणि प्रत्येकाने ते बारीक अक्षर शोधून काढलं. त्यातल्या एका काकांनी मला काउंटरवर येऊन विचारलं, "मॅडम, ही टिप व्हॅटच्या आधीच्या रकमेवर आहे का नंतरच्या?" मी तपासलं, तर नंतरच्या. सरकारला दिलेल्या करावर आपण वेटरला बक्षीस देतोय! काकांनी टिप दिली नाही ती नाहीच, पण मुद्दा बरोबर होता. त्यावर मी हेड ऑफिसला तीन मेल पाठवल्या आहेत. अजून उत्तर नाही.

घरी हे सांगितलं तर आमची कन्या म्हणाली, "मम्मा, एव्हरीवन प्रेसेस नो टिप. इट्स नॉट अ क्राइम." ही इथेच वाढलेली, युनिव्हर्सिटीत शिकते. तिचे वडील म्हणाले, "ऐक, तुझ्या पगारावर पोसलेली मुलगी काय म्हणते ते." मला त्या दोघांना एकाच वेळी उत्तर देणं कधी जमलेलं नाही.

टिप हातात न जाता कंपनीच्या खात्यात जाऊ लागली, हाही बदल झाला. आता कार्डावरची सगळी टिप एकत्र होते आणि हॉल आणि किचन मिळून बारा जणांत सारखी वाटली जाते. कॅशियरचा त्यात वाटा नसतो, आणि ते योग्यच आहे. वाटप करणाऱ्याचा वाटा असू नये.

पण मशीन टेबलावर आल्यामुळे सगळ्यात जास्त रंगलं ते बिलाचं भांडण. इथल्या अरब माणसाला दुसऱ्याने आपलं बिल दिलेलं सहन होत नाही. अमेरिकन माणूस म्हणतो, मी बोलावलंय, मी देणार. समोरचा थँक यू म्हणतो, विषय संपला. इथे विषय तिथे सुरू होतो. मी दिलं नाही तर माझ्या गावात मला पाहुण्यांनी जेवू घातलं असं होईल. मग हात धरणं, शपथा घालणं, दुसऱ्याचं कार्ड वेटरच्या हातून काढून त्याच्याच खिशात घालणं. दोन मेव्हण्यांनी एकदा मशीन असं खेचलं की ते कोळंबीच्या सूपमध्ये पडलं. अनुभवी लोक आधीच डाव टाकतात. हात धुवायला म्हणून उठतात, वाटेत काउंटरवर येतात, कार्ड माझ्यासमोर ठेवतात. "सिस्टर, फिनिश. यल्ला, जल्दी."

त्या गुरुवारी बू राशिद तसेच आले. बू राशिद म्हणजे राशिदचे वडील, इथे मोठ्या मुलाच्या नावाने हाक मारायची पद्धत आहे. साठीचे, अंगात पांढरी शुभ्र कंदुरा, म्हणजे इथला पायघोळ झगा, आमचं जुनं गिऱ्हाईक. त्यांनी कार्ड पुढे केलं. मी म्हटलं, "सॉरी साहेब. मॅडमनी बुकिंग करतानाच सांगितलंय, बिल फक्त त्यांना द्यायचं."

"तुम मेरे साइड नहीं?" ते हसत हिंदीत म्हणाले. जुने अमिराती लोक आमच्याशी हिंदीतच बोलतात.

"मैं बुकिंग के साइड हूँ, सर."

ते हसत परत गेले. पंधरा-वीस मिनिटांनी विलास मशीन घेऊन टेबलाकडे गेला. मग सगळे उठले, दारापर्यंत हसण्याचे आवाज आले. मी ते विसरूनही गेले.

रविवारी तक्रार आली. डॉना मॅडमनी लिहिलं होतं की आपलं बिल एक हजार आठशे साठचं होतं, पण कार्डावर दोन हजार तीनशे पंचवीस लागले आहेत. पंचवीस टक्के टिप आपण निवडलेली नाही. आपलं ऑफिस पंधरा टक्क्यांच्या वर मंजूर करत नाही, आणि आता आपल्याला स्पष्टीकरण द्यावं लागतंय. वेटरने मशीन देण्याआधीच बटण दाबलं असावं, असं आपल्याला वाटतं.

हे शेवटचं वाक्य विलासच्या गळ्याशी आलं. कारण त्याच महिन्यात आमच्या दुसऱ्या एका शाखेत एक वेटर नेमकं हेच करताना सापडला होता. गिऱ्हाइकासमोर मशीन ठेवायच्या आधी पंचवीस दाबायचा. कंपनीने सगळ्या शाखांना कळवलं होतं की पुन्हा असं झालं तर चौकशीत वेळ घालवायचा नाही, पैसे परत करायचे आणि माणूस काढायचा. काढायचा म्हणजे व्हिसा रद्द, आणि चोर म्हणून गेलेल्या माणसाला इथे दुसरं हॉटेल उभं करत नाही. विलासची थोरली मुलगी त्या वर्षी सावंतवाडीला नर्सिंगला लागली होती. धाकटा दहावीत.

फादींनी मला केबिनमध्ये बोलावलं. कॅमेऱ्याचं चित्र त्यांनी आधीच काढलं होतं. आमचा कॅमेरा दारावर आणि काउंटरवर आहे, नऊ नंबर खांबाआड येतं. चित्रात विलासची पाठ दिसत होती, मशीन नाही, पाहुणे नाहीत. आणि एक गोष्ट दिसत होती. विलासने तोंड फिरवलेलं होतं, टेबलाकडे पाठ करून तो किचनच्या दाराकडे बघत उभा होता.

"हे बघ," फादी म्हणाले. "आपण शिकवतो, गिऱ्हाइकाकडे बघा, हसा, मदत करा. हा तोंड लपवतोय."

मी म्हटलं, "तो नेहमीच फिरवतो."

"का?"

"गिऱ्हाईक पिन टाकतं म्हणून."

"फोनने पैसे दिलेत, हबीबी. पिन कुठाय?"

ते बरोबर होतं. विलासला सोमवारपासून घरी बसवलं, बिनपगारी. हेड ऑफिसने गुरुवारपर्यंत काढण्याचे कागद तयार करायला सांगितले होते.

सोमवारी संध्याकाळी मी विलासला फोन केला. तो मुसफ्फाला कंपनीच्या खोलीवर होता.

"विलासराव, खरं काय ते सांगा. मी कुणाला सांगणार नाही."

"ताई, तुमी पण?" तो म्हणाला. मला फार लाजल्यासारखं झालं. मग म्हणाला, "टेबलाचो नंबर टाकलो, मशीन मॅडमच्या फुडे ठेवलं, तोंड फिरवलं. मशीनचो आवाज आलो तेव्हा वळलंय. माझ्या पाठीक डोळे नाय हत."

"पिन नव्हता तरी का फिरवलंत?"

"सवय ताई. माणूस पाकीट काढता तेव्हा तेच्याकडे बघूचा नाय. ता दुसऱ्याच्या ताटात बघण्यासारखा झाला."

"बिलावरून भांडण झालं होतं?"

"झालाच ना. नेहमीसारखा. म्हातारो मॅडमचो हात धरी होतो, मॅडम हसत होती."

फोन ठेवल्यावर मी चहा टाकला आणि आकडे मांडून बघितले. ही माझी विचार करायची पद्धत आहे. विलासने दाबलं असतं तर त्याला काय मिळालं असतं? चारशे पासष्ट भागिले बारा, अडतीस दिरहम पंच्याहत्तर फिल्स. इतकी वर्षं टेबलं सांभाळणारा माणूस अडतीस दिरहमसाठी व्हिसा पणाला लावणार नाही. पण हे काही त्याच्या निर्दोषपणाचं कारण होत नव्हतं, दुसऱ्या शाखेतल्या माणसानेही तेच केलं होतं. मग मी दुसऱ्या बाजूने विचार केला. पंचवीस टक्के कोण दाबतं? अमेरिकन माणूस वीस दाबतो, नियमाने. आमचा माणूस शून्य दाबतो. पंचवीस फक्त तोच दाबतो ज्याला आकडा बघायचाच नसतो, फक्त मोठं बटण हवं असतं.

आणि काउंटरवर हरून गेलेला माणूस मला आठवला. बिल गेलं तर गेलं, निदान टिप तरी माझी. मशीन टिप विचारतं पैसे घेण्याआधी. त्याने दाबलं असेल, आता आपलं कार्ड टेकवू म्हणून खिशात हात घातला असेल, आणि तेवढ्यात मॅडमनी फोन टेकवला असेल. मॅडमनी पडद्याकडे का बघावं? त्यांच्या हाताला सवय टिप मागाहून लिहायची. आणि विलासने तर बघायचंच नाही असं ठरवलेलं.

मिस्टरांना फोनवर सगळं सांगितलं. रुवैसच्या क्वार्टरमध्ये मागे टीव्ही चालू होता, तो त्यांनी बंद केला.

"तुला पुरावा आहे?"

"नाही."

"मग तू कंपनीला सांगणार की इथल्या माणसाने बटण दाबलं? जुन्या गिऱ्हाइकाने? सुनंदा, यात पडू नकोस. तुलाही घरी बसवतील."

"मी कुणाचं नाव घेणार नाही. फक्त विचारणार."

"तू फक्त विचारतेस तेव्हाच लोक हैराण होतात," ते म्हणाले. पण नको असं पुन्हा म्हणाले नाहीत.

सकाळी मी फादींना सांगितलं. त्यांनी दोन्ही हात वर केले. "खलास, मिस सुनंदा. अमिराती पाहुण्याला मी असा प्रश्न विचारू? मला काढतील, विलासच्या आधी."

"त्यांना नाही विचारायचं. मॅडमना विचारायचं. पैसे परत केल्याची मेल मलाच पाठवायची असते. त्यात एक ओळ जास्त."

ते बराच वेळ पेन आपटत राहिले. मग म्हणाले, "एकच ओळ. आणि मला वाचून दाखव."

मी लिहिलं: आपले चारशे पासष्ट दिरहम आज आपल्या कार्डावर परत केले आहेत. आमच्या नोंदीसाठी कृपया कळवाल का, आपण फोन टेकवला तेव्हा मशीन कोणाच्या हातात होतं?

फादी म्हणाले, "वेटरची नोकरी जाणार आहे, हेही लिही."

मी म्हटलं, "मग त्या दयेने उत्तर देतील. मला खरं उत्तर हवंय."

मंगळवारी संध्याकाळपर्यंत काही आलं नाही. मी दर थोड्या वेळाने मेल उघडत होते, आणि एका टेबलाला चुकून दोनदा बिल पाठवलं. अकरा वर्षांत असं झालं नव्हतं. रात्री स्वयंपाक करताना मुलीने विचारलं, "मम्मा, आर यू ओके?" मी म्हटलं, "विलासकाकांचं काही कळत नाही." ती म्हणाली, "ही वुडंट स्टील. ही गेव्ह मी हिज अम्ब्रेला." या पोरीला इथल्या एकुलत्या एका पावसात त्याने कधीतरी छत्री दिली होती म्हणे. मला माहीतही नव्हतं.

बुधवारी दुपारी उत्तर मेलने आलं नाही. दार उघडून डॉना मॅडम स्वतः आल्या, आणि मागोमाग बू राशिद, काठी टेकत. मॅडमचा चेहरा लाल झाला होता.

"तुमची मेल वाचली आणि मला सगळं आठवलं," त्या मला म्हणाल्या. "मशीन यांच्या हातात होतं. मी यांना फोन केला, तर हे हसायला लागले."

बू राशिद हसत नव्हते. हिंदीत म्हणाले, "मैं दबाया. मैं सोचा, बिल मैडम का, टिप मेरा. मैं कार्ड निकालता, ये फोन लगा दिया. बस. मैं सोचा मशीन मेरा टिप भूल गया." मग इकडेतिकडे बघून म्हणाले, "विलास किधर है?"

फादी माझ्याकडे बघायला लागले. सांगायचं काम मॅनेजरचं होतं. फादींनी सांगितलं, शब्द न गिळता, आणि मला त्या क्षणी ते मोठे वाटले.

बू राशिद खुर्चीवर बसले. "तीन दिन? मेरे वास्ते?" मग एकदम म्हणाले, "बुलाओ."

कंपनीची गाडी मुसफ्फाहून येईपर्यंत दोघं तिथेच थांबली. त्यांनी काही मागवलंही नाही, फक्त पाणी. विलास आला तो साध्या शर्टात, दारातच थबकला. त्याला वाटलं, काढण्याच्या कागदांवर सही करायला बोलावलंय.

बू राशिद उठून त्याच्याजवळ गेले आणि त्याचे दोन्ही खांदे धरले. "गलती मेरा है. सबके सामने बोलता हूँ." आणि खिशातून हजाराची नोट काढली.

विलासने हात मागे घेतले. "नको साहब. आपने बोला, बहुत हो गया. पैसा नहीं चाहिए."

"क्यों नहीं?"

"लोग बोलेंगे, पैसा लेके चुप हो गया."

मॅडम त्याला म्हणाल्या की मी तुझ्याबद्दल वाईट लिहिलं, मी तुझ्या मालकांना आजच पत्र लिहून सगळं खोडणार. विलास म्हणाला, "थँक यू मॅडम," आणि पाण्याचे रिकामे ग्लास उचलायला लागला.

आता राहिला हिशेब. मॅडमचे पैसे परत गेले होते, म्हणजे नऊ नंबरला टिप शून्य झाली होती. बू राशिद म्हणाले, माझी टिप मला देऊ दे. मॅडम म्हणाल्या, जेवण माझं होतं, टिप माझीच. आणि आमच्या डोळ्यांदेखत पुन्हा सुरू झालं, हात धरणं, कार्ड ढकलणं.

"मिस सुनंदा," फादी कपाळाला हात लावून म्हणाले, "काहीतरी कर."

मी म्हटलं, "दोघांची घेऊ. पण या वेळी मशीन ज्याच्या हातात त्याचंच कार्ड, आणि आकडा मोठ्याने वाचायचा."

मशीन विलासनेच दिलं. बू राशिदनी चारशे पासष्ट भरले, मोठ्याने वाचून, अरबीत आणि हिंदीत. मॅडमनी आपल्या ऑफिसच्या नियमाप्रमाणे पंधरा टक्के, दोनशे एकोणऐंशी भरले. दोन्ही वेळा विलास किचनच्या दाराकडे बघत उभा होता.

बू राशिद आजही येतात. बिलाचं भांडण अजून करतात, पण मशीनला हात लावत नाहीत. डॉना मॅडम आता पडदा वाचतात. हेड ऑफिसने नियम थोडा बदलला: माणूस काढण्याआधी गिऱ्हाइकाला मशीन कोणाकडे होतं ते विचारायचं. माझं वाक्य आहे ते, जसंच्या तसं. करावरच्या टिपेचं मात्र अजून तसंच आहे.

एकच गोष्ट अडली. विलासचे बिनपगारी तीन दिवस. पेरोलवाले म्हणाले, तो कामावर नव्हता, कामावर नसलेल्याचा पगार निघत नाही. नोव्हेंबरचा पगार दोन हजार चारशेऐवजी दोन हजार एकशे साठ आला. फादींनी गुपचूप स्वतःच्या खिशातून दोनशे चाळीस दिरहम पाकिटात घालून विलासला दिले. त्याने ते माझ्याजवळ आणून दिले. "ताई, ह्ये साहेबाक परत करा. माणूस चांगलो आसा. पण ह्ये तेचे. माझे कंपनीकडे हत."

मी पाकीट फादींना दिलं. ते वैतागले, मग हसले, आणि त्यांनी पेरोलला फोन लावला, अरबीत, बराच वेळ. त्यातला 'खलास' हा शब्द मला तीनदा ऐकू आला. कागद मी तयार केला, सही त्यांनी केली.

टिपेचे सातशे चव्वेचाळीस बारा जणांत वाटले, प्रत्येकी बासष्ट. आणि डिसेंबरचा पगार म्हणून विलास परबच्या खात्यात जमा झाले दोन हजार सहाशे चाळीस दिरहम.